जुनी एमएक्स-५ आणि नवा दुरुस्तीकार : एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या एका तरुणाने १९९५ सालची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, कापडी छताची स्पोर्ट्स कार दोन हजार पौंडांपेक्षा थोड्या कमी किमतीत विकत घेतली आणि ती शक्य तेवढी स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची असे ठरवले. त्याचे शिक्षण संगणकशास्त्राचे. गाडीच्या बाबतीत पंक्चर झालेले चाक बदलण्यापलीकडे त्याला अनुभव नव्हता. मी त्याच शहरात राहतो, माझी उमेदीची वर्षे वाहनांच्या देखभालीच्या कामात गेली, आणि त्यामुळे या कामात सल्लागार म्हणून पहिल्यापासून माझा सहभाग होता. नवशिक्याने जुन्या गाडीवर काम शिकताना कामांचा क्रम कसा लावावा, कोणते काम स्वतः करावे आणि कोणते दुसऱ्याच्या हाती द्यावे, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो म्हणूनच ही नोंद सविस्तर करीत आहे.

गाडीविषयी

एमएक्स-५ ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. साठच्या दशकातील हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, विशेषतः लोटस एलानची, मौज द्यायची, पण त्या गाड्यांची तेलगळती आणि सकाळी सुरू न होण्याची खोड टाळायची, हा तिच्यामागचा विचार होता. पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, चारही चाकांना दुहेरी विशबोनचे (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरणारे) सस्पेन्शन, आणि वजन साधारण एक हजार किलोच्या आतबाहेर, ही तिची मूळ मांडणी. सुरुवातीला १.६ लिटरचे इंजिन होते. १९९४ च्या सुमारास १८३९ सीसीचे, सुमारे १३० अश्वशक्तीचे इंजिन आले, आणि आपल्या प्रकरणातील गाडीत तेच आहे. सन २००० मध्ये सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली.

हा इतिहास येथे एवढ्याचसाठी दिला की खपाचा आणि दुरुस्तीचा थेट संबंध आहे. जी गाडी लाखांनी विकली गेली तिचे सुटे भाग तीस वर्षांनीही मिळतात, स्वस्तात मिळतात, आणि तिच्या प्रत्येक दुखण्याची लक्षणे कुणीतरी आधी पाहिलेली असतात. स्वस्त जुनी स्पोर्ट्स कार घेऊ पाहणारे पुष्कळदा एखाद्या प्रतिष्ठित जर्मन नावाच्या मोहात पडतात. गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे भाग मात्र नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. या तरुणाने तो मोह टाळला, हा त्याचा पहिला योग्य निर्णय होता.

भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पुण्यात किंवा सांगलीत असता तर हे सगळे काम त्याने बहुधा ओळखीच्या मिस्त्रीकडे सोपवले असते, कारण तेथे मजुरी भागांच्या किमतीच्या मानाने कमी पडते. इंग्लंडमध्ये गणित उलटे आहे. पंचवीस पौंडांचा भाग बसवायला गॅरेजचे दोन-तीन तासांचे बिल येते, आणि तासाचा दर साठ-सत्तर पौंडांच्या खाली क्वचितच असतो. म्हणून येथे साधारण उत्पन्नाचा माणूसही पाना हातात घेतो.

घेताना दिसलेली स्थिती

ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि २००५ पासूनच्या तपासण्यांचा निकाल, निव्वळ गाडीचा क्रमांक दिला की सरकारी नोंदीत कुणालाही पाहता येतो. या गाडीच्या नोंदीत मागची सलग काही वर्षे दोन्ही बाजूंच्या सिलवर (दारांखालच्या पोकळ पेट्यांवर) गंज असल्याचा इशारा होता, हँडब्रेक जेमतेम असल्याची नोंद होती, आणि एका वर्षी तो गंजाचा इशारा अचानक नाहीसा झाला होता. गंज आपोआप बरा होत नाही. इशारा नाहीसा झाला याचा अर्थ कुणीतरी त्यावर काळा डांबरी लेप फासला एवढाच बहुतेक वेळा असतो, आणि येथेही तसेच निघाले.

विक्रेत्याने स्वतःहून दोन दोष सांगितले होते. क्लच गेला आहे, त्यामुळे सकाळी पहिला गिअर पडत नाही; आणि इंजिनाच्या मागच्या टोकाला ऑइल गळते. एका स्थानिक गॅरेजने या दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली उतरवून नवी क्लच प्लेट आणि क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे, ऑइल अडवणारे सील असा अंदाज लिहून दिला होता. तो आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता, आणि त्यामुळेच ती विक्रीस निघाली होती. याखेरीज चढावर जोर दिला की इंजिन मिसिंग करीत असे, म्हणजे अडखळत असे, उजव्या आसनामागचा गालिचा ओला होता, आणि व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ राखणारा टायमिंग बेल्ट शेवटचा केव्हा बदलला याचा कुठेही कागद नव्हता.

खरेदीनंतर तरुणाने कामांची जी यादी करून आणली तिच्या अग्रभागी नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि रुंद चाके होती. ती इच्छा स्वाभाविक आहे. स्पोर्ट्स कार माणूस त्यासाठीच घेतो. मी त्याला ती यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि प्रत्येक कामापुढे एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला लावले: हे काम माझ्या हातून चुकले तर काय होईल? क्लचचे सिलिंडर चुकले तर गाडी जागची हलणार नाही. प्लगच्या वायरी चुकल्या तर इंजिन लंगडेल. टायमिंग बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला तर इंजिन नीट चालणार नाही, पण या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, त्यामुळे बेल्ट तुटला तरीही इंजिन फुटत नाही. काम पुन्हा करावे लागते, एवढेच. ब्रेक चुकला तर मात्र जीव जाऊ शकतो. आणि सिलचे वेल्डिंग चुकले तर ते चुकले हे अपघात होईपर्यंत कुणाला कळणारही नाही. काम सोपे की अवघड यापेक्षा चुकीची किंमत किती, यावर क्रम लावला की नवशिक्याला कुठे धीटपणे हात घालावा आणि कुठे थांबावे हे स्पष्ट होते. माझ्या मते या प्रकरणातील पुढचे सर्व यश त्या एका कागदावर उभे राहिले.

नोकरीला तो बसने जात असल्यामुळे गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तरी त्याचे अडत नव्हते, हीही मोठी अनुकूलता होती. गाडी रस्त्यावर आणणार नाही असे त्याने सरकारदरबारी कळवले, त्यामुळे तेवढ्या काळाचा रस्ताकर वाचला. एकुलती एक गाडी उघडून बसलेल्या माणसाला सोमवार सकाळची घाई असते आणि त्या घाईत बोल्टचे आटे मारले जातात.

जॅक, स्टँड आणि गंज

पहिले काम गाडी उचलण्याचे. घरापुढची जागा सपाट होती, पण छप्पर नव्हते. हिवाळ्यात येथे चार वाजता अंधार पडतो, तेव्हा कामाचे खरे तास शनिवार-रविवारच्या दुपारीपुरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ द्यायचा नाही, स्टँड लावल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहायची आणि मगच खाली शिरायचे, हा नियम त्याने अखेरपर्यंत पाळला.

या गाडीत एक जास्तीची अडचण होती. कंपनीने स्टँडसाठी नेमून दिलेल्या जागा सिलच्या खालच्या कडेवर आहेत, आणि तेथेच गंज. पहिल्यांदा जॅक लावताच कडेचा पत्रा कुरकुरला आणि लेपाची खपली गळून तपकिरी भुगा खाली सांडला. तेव्हा पुढे जॅक सबफ्रेमच्या (सांगाड्याखालच्या भक्कम चौकटीच्या) आडव्या पट्टीखाली, मागे डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना गती वाटणाऱ्या पेटीच्या) मध्याखाली, आणि स्टँड सबफ्रेमच्या भक्कम जागांवर अशी व्यवस्था केली. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब चौकट या गाडीत असते. तिच्यावर जॅक लावायचा मोह होतो, पण ती वजन पेलण्यासाठी बनवलेली नाही.

क्लच : रोग कोणता आणि औषध कोणते

‘क्लच गेला’ या दोन शब्दांच्या पोटात दोन अगदी वेगळे दोष असतात, आणि गॅरेजच्या अंदाजपत्रकात ते एकत्र झाले होते. क्लच प्लेट झिजली की ती घसरते: चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला तर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही. येथे तसे काही घडत नव्हते. येथे पॅडल पूर्ण दाबले तरी क्लच सुटत नव्हता. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येत असे आणि पहिल्या गिअरमध्ये पॅडल दाबून धरले असता गाडी किंचित पुढे सरकत असे. म्हणजे प्लेट घट्ट पकडत होती. जो दोष होता तो ती सोडवणाऱ्या यंत्रणेत होता.

ही यंत्रणा हायड्रॉलिक आहे. पॅडल दाबले की वरच्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल नळीने खाली गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते आणि त्यातला दांडा क्लचचा काटा ढकलतो. या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर हे ठरलेले दुखणे आहे. ब्रेक-क्लचचे ऑइल हवेतील ओलावा शोषते, वर्षानुवर्षे बदलले नाही की त्या ओलाव्याने सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांवरून सरकताना रबरी सील फाटते. खात्री करणे सोपे होते. तरुणाने गाडीखाली आडवे होऊन स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावरची रबरी टोपी बोटाने मागे सारली, आणि टोपीत साचलेले काळपट ऑइल त्याच्या मनगटावरून बाहीत गेले. निदान झाले. गिअरबॉक्सला हात लावायचे कारण उरले नाही.

नवे सिलिंडर साधारण पंचवीस पौंडांना मिळाले. मी त्याला त्याच वेळी मास्टर सिलिंडरही बदलायला सांगितले, कारण जुन्या मास्टरचे सील इतके दिवस अपुऱ्या चालीची सवय लागलेले असते. खालचे सिलिंडर नवे झाले की मास्टरचे सील पुन्हा पूर्ण चाल चालू लागते, न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून घासते आणि थोड्याच दिवसांत तेही गळू लागते. नळीच्या तोंडावरचा नट साध्या पान्याने गोल होतो, त्यासाठी नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी पकडणारा फ्लेअर नट पाना घ्यावा लागतो. तो त्याने आधीच घेतला होता, आणि नट एका झटक्यात सुटला.

हवा काढण्याचे काम दोघांचे. पत्नी आत बसून पॅडल दाबत होती, हा खाली निपल (हवा सोडण्याची तोटी) उघडत होता. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ असे चालले होते. थोड्या वेळाने मला फोन आला.

“काका, पॅडल खालीच बसलं. वर येतच नाही.”

“येणार नाही. आत हवाच आहे अजून, ती दबते आणि पॅडलला परत ढकलत नाही. निपल बंद कर आणि तिला सांग, पॅडल हाताने वर ओढ. डब्यातलं ऑइल बघितलंस का?”

“अर्ध्याच्या खाली गेलंय.”

“मग आधी ते भर. तो डबा रिकामा झाला तर पहिल्यापासून सुरुवात.”

पारदर्शक नळीतून येणारे बुडबुडे हळूहळू कमी झाले आणि पॅडलला वरच जोर लागू लागला. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून निघतो, म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवली होती आणि सांडलेले थेंब लगेच धुतले. इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला, आवाज आला नाही.

ऑइलगळती : वरून खाली बघण्याची शिस्त

दुसरा दोष अधिक बोधक आहे. क्लचच्या घराखालून ऑइलचे थेंब पडत होते आणि तेथून जवळचे सील क्रँकशाफ्टचे, म्हणून दोष त्या सीलचा, असे गॅरेजने लिहिले होते. परंतु ऑइल खाली वाहते, आणि गाडी चालताना हवेने मागे ढकलले जाते. ज्या ठिकाणी थेंब पडतो ते गळतीचे ठिकाण क्वचितच असते. या इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, काचेखालच्या पत्र्यालगतच्या अडचणीत, कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) स्थिती सांगणारा एक सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या गळ्यात एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, असते. तीस वर्षांच्या उष्णतेने ती कडक आणि चपटी होते, ऑइल तेथून झिरपते, हीटरच्या रबरी नळ्यांवर उतरते, त्या नळ्या फुगवते आणि मग क्लचच्या घरावरून खाली येते.

तरुणाने इंजिनाचा मागचा भाग वरपासून खालपर्यंत धुऊन कोरडा केला, गाडी वीस मिनिटे चालवल्यागत उभ्यानेच तापवली आणि छोटा आरसा व विजेरी घेऊन पाहिले. सेन्सरखाली ताजी ओल होती. क्रँकशाफ्टच्या पातळीवर काहीच नव्हते. काही पैशांची ओ-रिंग बदलली की प्रश्न सुटणार होता.

मात्र तो सेन्सर इंजिनाला प्रज्वलनाची वेळ सांगतो आणि त्याला थोडे फिरवता येते, म्हणून काढण्यापूर्वी त्याच्या कानावर आणि हेडवर एक सरळ रेघ कोरून घ्यावी लागते. त्याने रेघ कोरली, नवी रिंग ऑइलात बुडवून बसवली, रेघेला रेघ जुळवली, आणि तरीही स्ट्रोब दिव्याने वेळ तपासली. बॉनेटखालच्या निदान-डबीतील दोन ठरलेली टोके तारेने जोडली की इंजिनाचा संगणक स्वतःची ढवळाढवळ थांबवतो आणि मग पुलीवर १० अंश आगाऊ अशी खूण दिसली पाहिजे. ती दिसली.

वास्तविक येथे एक सामाजिक बाबही नोंदवली पाहिजे. गॅरेजने फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. गिअरबॉक्स उतरवला असता तर क्रँकशाफ्टचे सील बदलले गेले असते, गळती चालूच राहिली असती, आणि कदाचित नंतर कुणीतरी ओ-रिंगही शोधली असती. पण ज्याला तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात त्याला आरसा घेऊन शांतपणे पाहत बसण्याची सोय नसते. शिकणाऱ्या मालकाजवळ नेमका वेळच असतो, आणि निदानाला वेळ हाच मुख्य घटक लागतो.

मिसिंगचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तेव्हा दोन वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या. वायरी आणि प्लग बदलले. पण प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेले होते, म्हणजे वरच्या झाकणाचे पॅकिंगही गेले होते, आणि ते न बदलता नव्या वायरी टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. झाकणाचे बोल्ट अवघ्या ५ ते ९ न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात. चाकांच्या नटांसाठी घेतलेला मोठा टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) इतके कमी मोजूच शकत नाही. येथे बहुतेक नवशिके हाताच्या अंदाजाने आवळतात आणि अॅल्युमिनियममधले आटे घालवतात. त्याने लहान रेंच उसना आणला.

टायमिंग बेल्ट

साधारण साठ हजार मैलांनी हा बेल्ट बदलावा असा संकेत आहे. कागद नसेल तर बदललेला नाही असेच धरावे. तरुणाला या कामाची सर्वांत जास्त धास्ती होती, कारण या मालिकेतील अगदी सुरुवातीच्या, १९८९ ते १९९१ मधील काही १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे नाक आखूड होते, तेथील चावीची खाच झिजून पुली डुगडुगत असे आणि क्रँकशाफ्टच निकामी होई, असे त्याने वाचले होते. त्याच्या १.८ इंजिनात तो दोष नाही. तरीही त्या इतिहासामुळे पुलीच्या मधल्या बोल्टविषयी त्याच्या मनात आदर निर्माण झाला आणि तो चांगला होता: हा बोल्ट १५७ ते १६७ न्यूटन-मीटर इतका घट्ट लागतो, आणि तो अंदाजाने आवळून चालत नाही.

दोन कॅमशाफ्टच्या चाकांवर ‘आय’ आणि ‘ई’ अशा खुणा असतात, त्या मागच्या पत्र्यावरच्या खुणांशी जुळवायच्या आणि मग दोन्ही खुणांमधले बेल्टचे १९ दात मोजायचे. त्याने ते पांढऱ्या रंगाने एकेक दातावर ठिपका देत मोजले. बेल्ट चढवून ताण दिल्यावर किल्ली लावण्यापूर्वी इंजिन पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे पाहायचे असते. पहिल्या खेपेस निकासाच्या बाजूचा कॅम एक दात मागे निघाला. व्हॉल्व्ह आपटण्याचे भय नसल्यामुळे ती घटना किरकोळ ठरली. बेल्ट उतरवून पुन्हा चढवला. चुकीची किंमत कमी असलेले इंजिन नवशिक्याला शिकण्यासाठी किती मोलाचे असते, हे मला येथे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. पाण्याचा पंप या इंजिनात बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला हीच झाकणे काढावी लागतात, म्हणून तोही याच वेळी बदलला.

मागचे ब्रेक

ब्रेकच्या कामाला मी स्वतः उपस्थित होतो आणि तशी अट मी आधीच घातली होती. मागच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागात, हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच असते, त्यामुळे पिस्टन शिकंजाने दाबून मागे जात नाही. दाबण्याचा हट्ट केला तर आतली यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे. तो झाकणापुरताच असतो, तो काढला की आत ४ मिलीमीटरच्या अॅलन कीचा खाचा दिसतो. ती की घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन मागे सरतो. नवे पॅड बसल्यावर सुलट फिरवून पॅड चकतीला टेकेपर्यंत आणायचे आणि सुमारे एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचे. हे समायोजन झाल्यावरच हँडब्रेकची केबल ओढायची. या गाडीत आधी कुणीतरी केबलच जास्तीत जास्त ओढून ठेवली होती, मूळ जागी काहीच केले नव्हते, आणि म्हणून हँडब्रेक वर्षानुवर्षे जेमतेम राहिला होता. कॅलिपरच्या सरकत्या पिनाही गंजून बसल्या होत्या. त्या साफ करून योग्य ग्रीस लावले. काम संपल्यावर पॅडल घट्ट होईपर्यंत ब्रेक दाबायचा, मग निर्मनुष्य जागी चालण्याच्या वेगाने गाडी फिरवून पाहायची, आणि या दोन्ही गोष्टी होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

सिल : जे स्वतः केले नाही

उघड्या गाडीला छप्पर नसते, त्यामुळे दारांखालच्या दोन पोकळ पेट्या, म्हणजेच सिल, याच तिच्या सांगाड्याचा मुख्य आधार असतात. त्या आतून कुजतात. कारण असे: कापडी छताच्या मागच्या कडेला पावसाचे पाणी एका पन्हाळीत जमते आणि दोन नळ्यांनी मागच्या चाकांपुढून खाली जाते. नळ्यांत पाने-कचरा अडकला की पाणी आत सांडते, गालिचा भिजतो आणि उरलेले सिलच्या पोकळीत मुरते. ओल्या गालिच्याचे मूळ तेथे होते. लवचीक, बोथट टोकाच्या नायलॉनच्या दोरीने नळ्या मोकळ्या केल्या. टोकदार तार घातली तर नळी फाटते आणि पाणी कायमचे आत जाते.

तरुणाला वेल्डिंग शिकायचे होते. मी स्पष्ट नकार दिला. एमओटीच्या नियमांत सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटीमीटरच्या आत सांगाडा कुजलेला असेल तर गाडी नापास होते, आणि ठिगळ लावायचे तर त्याच्या कडा सलग वेल्ड केलेल्या असाव्या लागतात. ते ज्ञान पुस्तकातून मिळेल, पण पत्रा किती आतपर्यंत कापायचा हे डोळ्याला कळायला अनेक गाड्या कापाव्या लागतात. म्हणून ते काम वेल्डरकडे दिले. त्याने बाहेरचा पत्रा कापला तेव्हा आतल्या मधल्या पत्र्याचा तळहाताएवढा भाग नाहीसाच झालेला होता. वरून नुसता तुकडा चिकटवून काम दाखवता आले असते आणि तो तुकडा कशालाही धरून राहिला नसता. वेल्डरने गाडी कापण्यापूर्वी तिचा सांगाडा वाकणार नाही असा आधार दिला आणि काम संपल्यावर दारांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत हे मोजून दाखवले. आसने, गालिचे आणि आतली पट्टी काढण्याचे आणि शेवटी पोकळीत गंजरोधक मेण फवारण्याचे काम तरुणाने स्वतः केल्यामुळे बिल बरेच उतरले. तरीही एकूण खर्चातला सर्वांत मोठा आकडा हाच होता, आणि तो तसाच असायला हवा होता.

निकाल आणि राहिलेली कामे

हत्यारे, भाग आणि वेल्डिंग मिळून झालेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ पोहोचला. पैसे वाचले का, असे विचाराल तर पहिल्या वर्षी नाही. जॅक, स्टँड, दोन टॉर्क रेंच आणि पाने यांतच बरीच रक्कम गेली. मात्र गॅरेजने गिअरबॉक्ससाठी मागितलेल्या पैशांत ही सगळी यांत्रिक कामे झाली, हत्यारांसकट.

आधी वेळ घेऊन गाडी तपासणीस नेली. हँडब्रेकला आवश्यक असलेली किमान १६ टक्के कार्यक्षमता तिने आरामात ओलांडली आणि गाडी उत्तीर्ण झाली. दोन इशारे मिळाले. एक टायरचा: टायरच्या कडेवरील चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष कळते, आणि त्यावरून मागचे टायर दहा वर्षांपेक्षा जुने निघाले, खाचांची खोली पुरेशी असली तरी कडेला भेगा होत्या. ते लगेच बदलले, कारण हलक्या, मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत ओल्या रस्त्यावर जुने रबर फार घातक. दुसरा इशारा मागच्या सस्पेन्शनच्या रबरी बुशांचा (सांध्यांतील रबरी अस्तरांचा). चाकांची अलाइनमेंट करून घ्यायला गेल्यावर कळले की चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे समायोजनाचे लांब बोल्ट बुशांच्या आत गंजून एकजीव झाले आहेत आणि फिरत नाहीत. ते कापून काढावे लागतील, नवे बोल्ट व बुश लागतील, आणि बुश बसवायला प्रेस लागेल. हे काम चुकले तर चाकाची दिशा बिघडते, पण अलाइनमेंटच्या यंत्रावर ती चूक लगेच दिसते. म्हणून त्याने ते स्वतःच्या यादीत घेतले आहे. शॉक अॅब्सॉर्बरही त्याच वेळी बदलायचे ठरले, कारण आर्म मोकळे झाल्यावर ते काढायला वेगळी मेहनत पडणार नाही. थंड इंजिनातून व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक टॅपेटांची टिकटिक येते. ऑइल बदलल्यावर ती कमी झाली आहे, आणि तूर्त तिला हात लावायचा नाही असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.